रिलीव्हर आला नाही

इथले भुताखेतांचे अनुभव वाचून मी आजवर नुसता हसत आलोय, हे आधीच कबूल करतो. भिलाईच्या प्लांटमध्ये सोळा वर्षं पंप ऑपरेटर आहे. काही बंद पडलं की शोधायचं, आणि शोधलं की कारण सापडतंच, अशी सवय लागलेला माणूस. याचं मात्र सापडलं नाही... म्हणून लिहितोय.

राहतो सेक्टर ६ मध्ये, क्वार्टरमध्ये. ड्यूटी सकाळची, सहा ते दोन. त्यानंतर चार ते सहा जवळच्या कुरुदला भाड्याच्या एका खोलीत दहावीच्या गणिताचा क्लास घ्यायचो. गेल्या वर्षी बीपी निघालं. डॉक्टरांनी सांगितलं, दोन्हीतलं एक काम सोडा, निदान दुपारी झोपा. मी योगा मॅट आणली. तिच्यावर आता सुनीता, म्हणजे माझी बायको, पापड वाळवते. ती रोज म्हणायची, "तुमी असं कावून करून राहिले? शरीर काय प्लांट हाय का, चोवीस तास चालाले?" मी हसण्यावारी न्यायचो.

बाबांचंही हेच होतं. तेही प्लांटचेच, भंडाऱ्याकडून आलेले. ड्यूटी संपली की लोकांच्या घरी वायरिंग करायचे, रिटायर झाल्यावरसुद्धा. तीन वर्षांपूर्वी एका दुपारी कामावर निघायचं म्हणून बूट घालून आमच्या व्हरांड्यातल्या खुर्चीत टेकले... आणि तसेच गेले. आम्हाला अर्धा तास वाटत होतं, डुलकी लागलीय.

आता आमच्याकडची एक पद्धत सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. रिलीव्हर, म्हणजे पुढच्या शिफ्टचा माणूस, आल्याशिवाय पोस्ट सोडायची नाही. तो आला की "सब ठीक" म्हणायचं, चार्ज द्यायचा आणि निघायचं. इतक्या वर्षांनी त्याच्या चेहऱ्याकडे बघितलंही जात नाही. "मी आलो" एवढं कानावर पडलं की पाय आपोआप गेटकडे वळतात. बाबा तर घरीही तसेच. माझ्या आजारपणात उशाशी बसले की आई येईपर्यंत उठायचे नाहीत.

तो गुरुवार होता. साडेतीनला मी त्याच खुर्चीत बसून बूट घालत होतो. डावा हात सकाळपासून जड वाटत होता. लेस बांधायला वाकलो तर समोरची फरशी फिरली. उन्हं तिरपी होती. फाटकाशी कोणीतरी सायकल टेकवली. निळा शर्ट, डोक्यावर हेल्मेट, एवढंच दिसलं, कारण मान वर करायचंही त्राण नव्हतं. पावलं जवळ आली.

"मी आलो न. तू जाय आता, झोप."

आणि मी काय करावं? सवयीने "सब ठीक" म्हणालो, खिशातली क्लासची किल्ली त्या पुढे आलेल्या हातात ठेवली आणि आत जाऊन आडवा झालो. कोण, कुठला, काही विचारलं नाही. एवढंच आठवतं, हात थंड होता आणि बोटांना वायरिंगवाल्यांची असते तशी काळी चिकटपट्टी होती.

जाग आली तेव्हा सात वाजले होते. सुनीता म्हणाली, इतके गाढ झोपला होतात, उठवावंसं वाटलं नाही. फाटकाशी तिने कोणाला पाहिलं नव्हतं. मोबाइलवर एकही मिस्ड कॉल नाही. वीस पोरं दाराशी ताटकळली असतील आणि एकाचाही फोन नाही? खिशात किल्ली नव्हती.

शुक्रवारी ड्यूटी सुटल्यावर तडक कुरुदला गेलो. खोलीचं दार सताड उघडं. किल्ली कुलपातच. माझी खुर्ची उंबरठ्यापर्यंत ओढलेली, तोंड रस्त्याकडे. समोरच राहणारी माझी विद्यार्थिनी धावत आली. "सर, कल आपके पापा आये थे," ती म्हणाली. त्यांनी जुनी गणितं सोडवायला सांगितली आणि घड्याळाकडे बघत बसून राहिले. सहा वाजता सगळ्यांना जायला सांगितलं, स्वतः मात्र उठले नाहीत. तिने विचारलं तर म्हणाले, रिलीव्हर यायचा आहे.

त्या मुलीने माझ्या बाबांना कधी पाहिलेलं नाही. मी त्यांच्याबद्दल क्लासमध्ये बोललोही नव्हतो.

टेबलावर हजेरीचं रजिस्टर उघडं होतं. गुरुवारच्या पानावर एक ओळ, प्लांटच्या लॉगबुकात लिहितात तशी: "१८.०० — सर्व ठीक. रिलीव्हर आला नाही. थांबलो आहे."

अक्षर बाबांचंच होतं. भीती वाटली, खोटं कशाला बोलू. पण त्याहून जास्त लाज वाटली. कालपासून तो माणूस माझ्या पोस्टवर बसून होता... कारण मी आलो नाही म्हणून.

"मी आलो" म्हणणारच होतो. ओठांपर्यंत आलं होतं. मग लक्षात आलं, तसं म्हटलं की चार्ज परत माझ्याकडे येणार. मग ते आले कशाला होते?

मी रिकाम्या खुर्चीला म्हणालो, "बाबा, क्लास बंद केला. आता पोस्टच नाही. तुमी बी घरी चला."

काहीच झालं नाही. दार लावलं, रजिस्टर पिशवीत टाकलं आणि घरी आलो. शनिवारी सुनीता मला डॉक्टरांकडे घेऊन गेली. गुरुवारी हात जड झाल्याचं सांगितलं. ईसीजी बघून त्यांनी विचारलं, त्या दुपारी काय करत होता? म्हटलं, झोपलो होतो. ते म्हणाले, नशीब.

रविवारी पोरांचे नंबर काढायला रजिस्टर उघडलं. त्या ओळीखाली आणखी एक होती: "शुक्रवार, १४.५० — पोस्ट बंद. निघालो."

सुनीताला वाटतं, मीच झोपेच्या गुंगीत लिहिलं असेल. असेलही. पण मग मुलीला दिसलं ते कोण?

आता रोज दुपारी मी त्या खुर्चीत झोपतो. फाटक वाजलं की आधी चेहरा बघतो. दूधवाला असतो, नाहीतर शेजारचे काका. त्या गुरुवारी मान जरा वर केली असती... तर बाबा एकदा दिसले असते.