मेंढपाळाचा पिक्चर

उस्मानपुऱ्यात आप्पासाहेबांच्या दिवाणखान्यात रविवारी दुपारी जुने काउबॉयचे पिक्चर लागत, तेही कुणी नाव न ऐकलेले. मल्हारी खुलताबादहून एसटीनं यायचा. आप्पासाहेबांच्या लासूरच्या रानात त्याच्या बापाच्या वेळेपासून मेंढरं बसायची, लेंडीखताच्या बदल्यात धान्य मिळायचं, ओळख तिथली. पिक्चर संपला की वयानं मोठा त्यानं आधी बोलायचं, असा तिथला रिवाज. म्हणजे मल्हारीनंच. आणि त्याची तक्रार ठरलेली.

"गायीवाला तेवढा मर्द, अन् मेंढरंवाला दिसला की हाण गोळी! आमी काय घोडं मारलंय त्यांचं?"

आप्पासाहेबांनी हे मनावर घेतलं. महिनोन्महिने धुंडाळून त्यांनी शंभर वर्षांपूर्वीचा एक मूकपट मिळवला. नायक चक्क मेंढपाळ! "मल्हारी, हा खास तुझ्यासाठी," ते म्हणाले, आणि मल्हारीला वाटलं, आज यायलाच नको होतं.

कारण त्याला दिसत नव्हतं. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला होता. गेलेली नजर परत येणार नव्हती. घरात त्यानं कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. आजवर टापा, गोळ्या, किंकाळ्या ऐकून तो वेळ मारून न्यायचा. आज आवाजच नव्हता, आणि शेजारी मुलगा अंगद बसला होता. मल्हारीच्या डोळ्यांदेखत कोकरू विहिरीत पडल्यापासून त्याच्या मनात पाल चुकचुकत होती. "आबा, डोळं गेलं असतील तर मेंढरं इकून टाकू," असं तो सकाळीच म्हणाला होता आणि न बोलावता सोबत आला होता. मेंढरं गेल्यावर म्हाताऱ्यानं करायचं काय? खाटेवर बसून माश्या मारायच्या?

टीव्हीवर नुसता उजेड हलत होता. मधूनच येणाऱ्या इंग्रजी अक्षरांच्या पाट्या आप्पासाहेब मराठीत वाचून दाखवत. नदीला पूर आलाय. पलीकडे चारा आहे. मग बराच वेळ काहीच नाही.

पिक्चर संपला. "बोल, मल्हारी."

त्यानं घसा खाकरला. नदी होती, मेंढरं होती. बाकीचं त्यानं पदरचं घातलं. "मेंढरू पाण्याला लई भितं. म्होरकं एक धरून वढत न्यावं लागतं, मंग बाकीची आपसूक येतात. गड्यानं बराबर तेच केलं."

"अगदी बरोबर!" आप्पासाहेब खूश झाले. मल्हारीच्या जिवात जीव आला.

"आबा," अंगद हळूच म्हणाला, "त्याचा घोडा कंच्या रंगाचा व्हता?"

आप्पासाहेब काही बोलायला गेले आणि थांबले. मल्हारीनं विचार केला, काउबॉयच्या पिक्चरमध्ये घोडा नसेल कसा?

"काळा," मल्हारी ठणकावून म्हणाला.

आप्पासाहेबांनी घाईनं चहा मागवला.

जिना उतरताना अंगदनं त्याचा दंड धरला. "घोडा नव्हताच, आबा. पायीच व्हता तो, तुमच्यावानी."

मल्हारी पायरीवरच थांबला. त्याला पोराचा राग आला नाही. आपल्यासारखा एक गडी पडद्यावर येऊन गेला आणि आपल्याला तो दिसला नाही, याचं त्याला रडू आलं.

"त्याची मेंढरं गेली का नदीपार?" त्यानं विचारलं.

"गेली. समदी."

"मंग इक आपली. पर एकाच घरी दे. म्होरकी मेंढी येगळी केली तर बाकीची बावचळतात."