सामानाचा तंबू

परशुरामने एकतीस वर्षं कल्याणच्या धान्यबाजारात पोती वाहिली. पोतं पाठीवर पडलं की किलोभर कमी आहे की जास्त, हे तो काट्याकडे न बघता सांगायचा. अंगी तेवढा एकच गुण, त्यामुळे तो न विचारताही ऐकवायचा. सत्त्याऐंशी साली निवृत्त झाला. पोती संपली, गुण तेवढा उरला.

दर डिसेंबरात तो डोंबिवलीच्या सात जणांबरोबर डोंगरात मुक्कामाला जायचा. म्होरक्या तानाजी, टेलिफोन खात्यातला. नियम एकच: सामायिक सामानातला वाटा प्रत्येकाने उचलायचा. पण त्या वर्षी परशुरामचा गुडघा सुजलेला पाहून तानाजी म्हणाला, “काका, तुम्ही नुसती पाण्याची बाटली घ्या.”

परशुरामला पुढचं दिसलं. यंदा बाटली, पुढच्या वर्षी ‘कशाला दगदग, घरीच थांबा’. बोजा नसलेला माणूस म्हणजे दुसऱ्यांनी सांभाळायचं सामान.

म्हणून त्याने युक्ती काढली. आदल्या वर्षी आठ माणसं आणि सगळं सामान एकाच जाड तंबूत झोपलं होतं. स्टोव्ह उत्तराबाईंच्या उशाशी. सकाळी पोह्यांना रॉकेलचा वास. उत्तराबाई शाळेत शिकवायच्या, त्यांनी वर्षभर ते विसरू दिलं नव्हतं.

“सामानाला वेगळा तंबू,” परशुराम म्हणाला. “मीच शिवतो, मीच वाहतो.”

“अजून एक तंबू?” तानाजी म्हणाला. “काका, गड चढायचाय, वसाहत नाही वसवायची!”

“सव्वा किलोच्या वर गेला तर मी घरी बसतो.”

बोलून गेला, मग घाम फुटला.

छत्रीचं कापड आणून तो बायकोच्या, मंजुळाच्या, शिलाई मशीनवर बसला. मंजुळा म्हणाली, “घरात माणसांना पाय पसरायला जागा नाही आणि तुम्ही पातेल्यांना बंगला बांधताय.” तंबू झाला. बाजारातल्या काट्यावर ठेवला तर एक किलो चारशे. खांब नव्हतेच, सोबतच्यांच्या काठ्या वापरायच्या होत्या. आता कमी काय करायचं? त्याने मागच्या दाराच्या झडपा आणि बंद उसवून काढले आणि ती बाजू शिवून टाकली. सामानाला दोन दारं कशाला? सामान काय फेरफटका मारायला जातं? काटा एक किलो दोनशे चाळीसवर थांबला. परशुराम दोन दिवस छाती काढून फिरला.

मुरबाडच्या पुढे एका गडाच्या माचीवर ते चारच्या सुमारास पोचले. तंबू उभा राहिला. “आता आत कुणी यायचं नाही,” असं बजावून परशुराम सामान घेऊन आत शिरला. हाताला एकच पद्धत ठाऊक, गोदामातली. जड तळाला, हलकं वर, सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही. अर्ध्या तासात अशी थप्पी लागली की लाथ मारली तरी हलेना. सगळे वाकून बघून गेले.

“सुरेख, काका,” उत्तराबाई म्हणाल्या. “आता चहा टाकू. स्टोव्ह कुठाय?”

स्टोव्ह लोखंडी, म्हणून जड, म्हणून तळाला. तोही अगदी मागे, जिथे आठवड्यापूर्वी दार होतं.

परशुरामने थप्पी उतरवली. स्टोव्ह दिला. अर्धी थप्पी उघडी टाकणं रक्तात नव्हतं, म्हणून परत रचली. मग भातासाठी तांदूळ मागितले. तांदूळही तळाला. उतरवली, रचली. मग कुणाला तरी कंदील हवा झाला. परत तेच.

“काका, रचू नका ना, पसरून ठेवा,” उत्तराबाई म्हणाल्या.

“पसरलेल्या मालाला थप्पी म्हणत नाहीत.”

“नका म्हणू! मीठ द्या.”

मीठ मात्र वरच होतं. त्याचा त्याला फार अभिमान वाटला.

तानाजी दगडावर बसून बोटांवर हिशोब करत होता. “काका, साठ किलो सामान आपण आठ जणांनी वर आणलं. तुम्ही ते तीनदा उतरवलं, तीनदा परत रचलं. तीनशे साठ किलो झाले.”

परशुरामचा आकडा त्याच्या आधीच झाला होता. तेही पाच फूट जागेत, कंबरेत वाकून, कुणी न सांगता. गुडघा ठणकत होता. पण बसलो तर हातात बाटली येईल, या धास्तीने तो उभाच राहिला. उभं राहायचं कारण हवं म्हणून त्याने खुंट्या परत ठोकल्या.

सकाळी तानाजी बोजे वाटायला लागला. परशुराम रांगेत शेवटी. हलका तंबू त्याचाच होता, तो मिळाला. मग तानाजीने स्टोव्ह आणि भांड्यांची पिशवी त्याच्यापुढे ठेवली.

“हेही घ्या. काल जेवढं उचललंत, त्यानंतर बाटली देऊन तुमचा अपमान नाही करत.”

“आणि पुढच्या वर्षी?” परशुरामने पिशवीला हात न लावता विचारलं.

“पुढच्या वर्षी यायचंच,” उत्तराबाई मध्येच म्हणाल्या. “पण सामान मी लावणार. तुम्ही तंबूच्या बाहेर उभं राहायचं.”

एकतीस वर्षं ज्याच्या थप्पीला मुकादमाने बोट लावलं नाही, त्याला शाळेच्या बाईंनी एका वाक्यात कामावरून काढलं. परशुरामने मान डोलावली, पिशवी पाठीला बांधली आणि कुणाचं मत बदलायच्या आत, सगळ्यांच्या पुढे, लंगडत गड उतरायला लागला.