पोटगीतला ट

कल्याण कोर्टाबाहेरच्या टायपिंगच्या दुकानात भीमाबाईंची खुर्ची ठरलेली. विठ्ठलवाडीहून त्या आल्या की बायका त्यांच्याच पुढ्यात रांग लावत. पोटगी, मारहाण, घटस्फोट. एकेक बाई कानाशी तोंड नेऊन सांगायची आणि भीमाबाई मान वर न करता टाइप करायच्या. गेल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. त्यातून सावरल्या, पण उजव्या हाताची शेवटची दोन बोटं रुसली ती रुसलीच.

दुकानाचा मालक जयेश तसा वाईट नव्हता. म्हणाला, "मावशी, मोबाइलमध्ये बोला ना, तोच टाइप करतो." भीमाबाईंनी करून पाहिलं. 'नवरा पट्ट्याने मारतो' हे मोठ्याने म्हणताच अख्खी रांग वळून बघायला लागली. समोरची बाई पर्स उचलून निघून गेली. भीमाबाईंना झटक्याहून ते जास्त लागलं. असं करण्यापेक्षा काम सोडलेलं बरं, असं त्या घरी म्हणाल्या.

मुलगा राजरत्न शहाडला मोबाइल दुरुस्त करतो. त्याने इंटरनेटवरून एका छोट्या कीबोर्डचा आराखडा उतरवला. फुकट होता, कुणीही घ्या, हवा तसा बदला. सुट्टीच्या दिवशी बसून एकेक बटण डाग देऊन जोडलं आणि कीबोर्ड मोठ्या ऐटीत आईपुढे ठेवला. हात न हलवता सगळी बटणं बोटाखाली. 'अर्जदार' झकास उमटलं. मग गाडी अडली.

"अरे राजा, पोटगीतला ट कुठाय?"

आराखडा इंग्रजीवाल्याचा. जागा वाचवायला त्याने उजवी कड छाटलेली, आणि मराठीचे च, ट, ड नेमके तिथेच. उंटावरच्या शहाण्याने सगळं तपासलं होतं, फक्त मराठीत टाइप करून बघितलं नव्हतं. पण ती कड नाहीतरी रुसलेल्या बोटांचीच होती. मग राजरत्नने ती अक्षरं मधल्या बटणांवर आणली. डावा अंगठा दाबून धरला की उमटतात. त्या अंगठ्याने भीमाबाईंच्या भरपूर शिव्या खाल्ल्या आणि हळूहळू वळण घेतलं.

दुकानात एकच तक्रार आली. बटणं फार वाजायची. जयेश वैतागला. राजरत्न म्हणाला, "आई, बिनआवाजाची मिळतात, बदलून देतो."

"नको रे. वाजू दे," भीमाबाई म्हणाल्या. "या खटखटीत बाजूच्याला काय ऐकू येतंय?"

त्यांनी समोरच्या बाईसाठी स्टूल जवळ ओढलं. "हां, बोल गं आता."