नवीन माणूस जोडू नका

आमच्या चाकणच्या वर्कशॉपला मालाची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर एका प्रोग्रामरनं एकदाच पैसे घेऊन बनवून दिलं. तरी दर महिन्याला मोशीहून येतो, हेल्मेट मांडीवर घेऊन बसतो आणि पहिलं विचारतो, "भाऊ, नवीन माणूस जोडला नाही ना?" ज्या परदेशी प्लॅटफॉर्मवर त्यानं ते बांधलंय, तिथं वापरणाऱ्या प्रत्येक माणसामागे दरमहा डॉलर त्याच्याच खिशातून जातात. तो माझी चौकशी करायला येतो की मला अडवायला, कळत नाही.

परवा म्हटलं, दुसरी शिफ्ट सुरू करतोय.

"छान झालं," म्हणाला, आणि स्कूटरच्या डिकीतून एक जाड रजिस्टर घेऊन आला. "दुसऱ्या शिफ्टला हे द्या राव."

उघडलं, तर पानापानावर सॉफ्टवेअरमधलेच सगळे रकाने त्यानं पट्टीनं आखून ठेवले होते.