बाईंचं बकरीचं पुस्तक

चित्र काढून झालं की बाई ते भिंतीला टेकवून जमिनीवर उभं करत आणि समोर मांडी घालून बसत. मग आम्हालाही खाली बसवत. "उभ्याने काय बघतेस? पोर इथून बघतं," म्हणत. आमच्या स्थूल मुख्याध्यापिकाबाईंनाही त्यांनी एकदा असं बसवलं होतं. त्यांना उठवायला मग आम्ही दोघी लागलो.

दौलतगंजातल्या आमच्या शाळेत बाई मराठीची पहिली शिकवत, मी वरच्या वर्गांना गणित. त्यांचं लग्न झालं नव्हतं. कंपू नावाच्या मोहल्ल्यात धाकट्या भावाकडे राहत. भाऊ सरकारी कचेरीत होता. संस्थान जाऊन मध्यभारत झाला होता, आणि आता तोही नव्या मोठ्या राज्यात मिसळणार, कचेऱ्या भोपाळला जाणार, असं लष्करात, म्हणजे शहराच्या आमच्या भागात, जो तो बोलत होता.

वर्गातली जुनी मराठी पुस्तकं फाटून गेली होती. नवी कोणी छापत नव्हतं. पुण्याहून मागवलेल्या पुस्तकात पहिल्याच पानावर समुद्र, होडी आणि नारळाची झाडं. एका मुलीने विचारलं, "बाई, समुद्र किल्ल्याच्या पलीकडे असतो का?" सगळा वर्ग उत्तराची वाट बघत राहिला. त्या संध्याकाळी बाईंनी घरी कागद कापायला घेतला.

गोष्ट साधी होती. कंपूतल्या एका मुलीची बकरी सुटते आणि मुलगी तिला शोधत इंदरगंजच्या चौकातून, दौलतगंजच्या बाजारातून फिरते. बकरी शेवटी छतावर सापडते, कोणाची तरी पतंग खाताना. डाव्या पानावर चित्र, उजव्या पानावर दोन-तीन ओळी, बोरूने लिहिलेल्या, टपोऱ्या. अक्षर चित्रापासून फार लांब नको, नाहीतर पोराचा डोळा वाटेत हरवतो, असं त्यांचं म्हणणं. एक पान मनासारखं होईपर्यंत त्या चार-चार कागद वाया घालवत. भावजय म्हणे, घरात बसायला जागा उरली नाही, जिकडे पाहावं तिकडे बकऱ्या वाळत पडलेल्या.

टांग्याच्या चित्रासाठी त्या अड्ड्यावर जाऊन बसल्या. मी सोबत होते. टांगेवाला बराच वेळ घोडीला शांत उभी धरून होता. शेवटी हळूच म्हणाला, "बाईजी, ज़रा मोटी बना दीजिए. बेचारी का भी मन रह जाएगा." बाईंनी घोडी चांगली गुबगुबीत काढली.

पानं शिवून, मैद्याच्या खळीने पुठ्ठ्यावर जुन्या चंदेरीचा तुकडा चिकटवून पुस्तक वर्गात आलं. मुलांनी आधी हात धुवायचे, मग जवळ यायचं. दौलतगंजचं पान उघडलं तशी एक मुलगी उठून उभी राहिली. "ही तर आमची गल्ली आहे," ती म्हणाली आणि चित्रात आपलं दार शोधू लागली. दार तिथे होतं. बाईंचा चेहरा त्या वेळी जसा दिसला, तसा मी पुढे कधी पाहिला नाही.

एका पुस्तकाने काय होणार? ते छापून घ्यावं, म्हणून बाई शिक्षण खात्याच्या कचेरीत गेल्या. साहेबांनी प्रत्येक पान पाहिलं, कौतुक केलं, चहा दिला. म्हणाले, पुस्तकांचं आता सगळं भोपाळला ठरेल, आणि मराठी वर्गांचं काय होणार हे मलाच ठाऊक नाही. मग बाईंनी पुण्याच्या एका प्रकाशकाकडे पुस्तक पाठवलं. ते परत आलं. चित्रं उत्तम, पण भाषा अशुद्ध, असं त्यांचं मत पडलं. छत नव्हे, गच्ची. पतंग अटकली नव्हे, अडकला.

बाईंनी तसं करूनही पाहिलं. ओळी सुधारून वर्गाला वाचून दाखवल्या. मुलं चुळबुळ करू लागली. गच्ची म्हणजे काय, असं कोणीतरी विचारलं. मी म्हटलं, "चार शब्दांचा तर प्रश्न आहे बाई, बदलून टाका ना." त्या पुस्तक मिटून म्हणाल्या, "अगं, इथे सांगतात हे हिंदी नाही. तिथे सांगतात मराठी नाही. मग ही पोरं रोज बोलतात ते काय आहे?"

पुढच्या वर्षी पहिलीला मराठीत मोजकीच मुलं उरली. आईबापांचंही खोटं नव्हतं. भोपाळच्या राज्यात मराठी कोण विचारणार? वर्ग बंद करून मुलांना हिंदीत बसवायचा हुकूम आला. बाईंनाही हिंदीची पहिली देऊ केली होती. "हिंदी येते मला," त्या म्हणाल्या, "पण पोराला हसवण्याइतकी येत नाही." भावाची भोपाळला बदली झालीच होती. त्यांनी राजीनामा दिला.

शेवटच्या दिवशी त्यांनी कात्रीने पुस्तकाची शिवण उसवली. मी हात धरला, निदान शाळेत तरी राहू द्या म्हटलं. त्यांनी हात सोडवून घेतला. एक पुस्तक इतक्या जणांनी कसं न्यायचं, एवढंच म्हणाल्या आणि प्रत्येक मुलाला एकेक पान दिलं. कोणाला टांगा मिळाला, कोणाला बाजार. कोणाकडेही पुरी गोष्ट गेली नाही. पुढे मी काही जणांकडे चौकशी केली. एकाचं पान घर बदलताना गेलं, एकीच्या भावाने त्याची होडी केली. बाकीच्यांना आठवतही नव्हतं.

दोन-तीन वर्षांनी भोपाळला गेले तेव्हा बाईंकडे गेले होते. नव्या सरकारी क्वार्टरचा व्हरांडा, भिंतींना अजून चुन्याचा वास. मी नेलेली रंगांची पेटी त्यांनी न उघडता फळीवर ठेवली. शाळेचं काही विचारलं नाही. धाकटा भाचा पाटी घेऊन आला आणि "बुआ, शेर बनाओ," म्हणाला. बाईंनी वाघ काढला, मिशांसकट, मोठा झोकदार. भाच्याने खुशीत पाहिला आणि ओल्या फडक्याने पुसला. मग मोटार मागितली. तीही काढून झाली, पुसून झाली. बाई न थांबता काढत होत्या, तो पुसत होता.

मी निघाले तेव्हा पाटी कोरी होती, आणि नवीन काय मागावं ते भाच्याला सुचत नव्हतं. बाई खडू धरून त्याच्याकडे पाहत होत्या.