परिणाम उद्या

मॅट्रिकच्या वर्गात मी अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाची कारणं शिकले आणि परिणाम शिकायच्या आधीच आगबोटीत बसले. "परिणाम उद्या," असं म्हणून गुरुजींनी फळा पुसला होता. त्याच उद्याला आमचं बिऱ्हाड रत्नागिरी सोडून दुबईला निघालं. अब्बांना तिथे गोदामात नोकरी लागली होती. साठ सालानंतरची ही गोष्ट. "परीक्षेला तुला परत पाठवतो, इन्शाल्ला," असं अब्बांनी कबूल केलं होतं, म्हणून मी फारशी रडले नाही.

दुबईत घरामागेच खाडी होती. भांडी घासताना मी कारणं घोकायची. इंग्रजांनी वसाहतींवर लादलेले कर, पार्लमेंटात वसाहतींचा एकही प्रतिनिधी नाही, मग बोस्टन बंदरात फेकलेला चहा. चहाशी आलं की अम्मीचा जीव कळवळायचा.

"पेट्याच्या पेट्या? खाऱ्या पाण्यात? कुणी अडवलं नाही मेल्यांना?"

शेजारणींनाही तिने ते ऐकवलं होतं. पुढे काय झालं, असं त्या मला विचारायच्या. इंग्रज हरले एवढं मला ठाऊक होतं. पण गुरुजी परिणाम मुद्दे पाडून सांगत, आणि मला ते मुद्दे हवे होते.

"हरले म्हणतेस, मग इथे एवढे गोरे साहेब कुठून आले?" अब्बा चिडवायचे.

परीक्षा जवळ आली तेव्हा मात्र ते मान खाली घालून म्हणाले, "एकट्या मुलीला आगबोटीतून कशी पाठवू, बेटा? आता ते खलास समज." मी जेवणावर रुसले. त्याने काही आगबोट वळली नाही.

पुढे माझ्याच बाकावरची मैत्रीण लग्न होऊन शारजाला आली. मॅट्रिक पास! आमच्याकडे आली तेव्हा मी तिला धड टेकूही दिलं नाही.

"परिणाम सांग ना. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी काय काय सांगितलं?"

"कसले परिणाम?"

"अमेरिकेच्या युद्धाचे गं!"

ती खळखळून हसली. "ते होय? तो धडा मी ऑप्शनला टाकला होता."

मीही हसले आणि चहा करायला आत गेले. ज्या एका दिवसासाठी मी इतकी झुरले, तो तिला आयता मिळाला होता, आणि तिला तो आठवतही नव्हता. स्टोव्हवर आधण आटत आलं तरी मी तशीच उभी.

बाहेरून अम्मीने हाक मारली, "चहा समुद्रात फेकलास की काय गं?"

तेव्हा मात्र मला रडू आवरलं नाही.