हवालदारांची इटालियन शिकवणी

मुलांनो, धाकटीनं कळवलं आहे की ती इटालियन शिकते आणि पुस्तकाबाहेरची, रोजच्या बोलण्यातली वाक्यं तिला हवी आहेत. मला थोडी येतात. ती कशी आली हे मी तुमच्यापैकी कोणाला सांगितलेलं नाही. पुढच्या आठवड्यात डोळ्यांचं ऑपरेशन आहे, म्हणून आजच लिहिते.

सांगलीला बी.ए. होऊन मी साताऱ्याला आईकडे राहत होते. लढाई संपली होती, पण माझा धाकटा भाऊ इटलीत बेपत्ता असल्याची तार आली होती, तेवढीच. पाटणकडचे एक हवालदार पाय अधू होऊन परतले होते. पेन्शनीचा इंग्रजी अर्ज लिहून घ्यायला ते आमच्याकडे आले आणि बोलता बोलता कळलं की ते भावाच्याच पलटणीतले. त्याच्या पोटाला गोळी लागली, मागं हटताना त्याला हलवता येईना, म्हणून त्यांनी त्याला एका शेतकरणीच्या घरी ठेवलं होतं. गावाचं आणि त्या बाईंचं नाव त्यांना पाठ होतं.

"मग मला त्यांची भाषा शिकवा. मी त्या बाईंना पत्र लिहिते."

"आवं ताईसाब, मला लिवाया कुठं येतंय?"

"तुम्ही बोला. लिहीन मी."

दोन आठवडे ते ओसरीवर बसून बोलले. 'कोमे स्ता?' म्हणजे कसं काय. 'मांजा, मांजा' म्हणजे जेव की रं. 'मेनो माले' म्हणजे बरं झालं, थोडक्यात निभावलं. 'कोराज्जो' म्हणजे धीर धर. माझे उच्चार ऐकून ते हसत. "कालिजात जाऊन जीभ अशी ताठ? कणीक मळल्यागत बोला!"

जिवंत म्हणजे 'व्हिव्हो', हे त्यांनी सांगितलं. मी उलटा शब्द विचारला.

"त्यो न्हाई ठावा."

"दोन वर्षं लढाईत राहून?"

"न्हाई म्हणलं न्हवं!" त्यांनी काठी उचलली आणि ते गेले. शब्द ठाऊक असूनही ते तो उच्चारणार नाहीत, हे मला समजलं. तरी मी पत्र टाकलं. पोस्टमन दिसला की आई फाटकाशी जाऊन उभी राहायची. रोज. मी तिला एकदाही आत बोलावलं नाही, कारण मीही खिडकीतच असायचे.

चार महिन्यांनी उत्तर आलं. बाईंनी पान भरून लिहिलं होतं. लिपी इंग्रजीचीच, त्यामुळे मला वाचता येत होतं, पण कळत नव्हतं. हवालदारांना कळत होतं, पण वाचता येत नव्हतं. मी मोठ्यानं वाचू लागले.

"व्हय, ह्योच की! दूध पाजलं म्हनती. फुडं."

आणखी दोन ओळी वाचल्या. मी वर बघून विचारलं,

"काय म्हणते ती?"

"वाचा तुमी."

मी वाचत राहिले, एकेक अक्षर नीट, त्यांनी शिकवलं होतं तसं. आई माझ्याकडे नाही, त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"पुरे गं," ती म्हणाली. "नको वाचूस आता."

मी थांबले तेव्हा घरात ते ठाऊक नसलेली मी एकटीच होते. मग हवालदारांनी सांगितलं. अकरा दिवस तो जगला. बाई त्याच्या उशाशी होती.

हवालदार गेले, आई गेली. बाईंचं पत्र माझ्याकडे आहे. घडीवर फाटलं आहे, पण वाचता येतं.